हुसासबाबा

नगरपालिकेच्या कागदावर माझं पद 'व्हॉल्व्हमन' असं होतं. गावानं त्याचं 'वॉलमन' केलं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी मात्र मला शेवटपर्यंत 'वालवाला' म्हणत राहिली. मी आधी वालाच्या शेंगा विकत असणार आणि मग सरकारी नोकरीला चिकटलो असणार, अशी तिची पक्की समजूत होती. ती मी कधी मोडली नाही. पाणी वेळेवर आलं की आपल्याला कोण काय म्हणतं याचं फार मनावर घेऊ नये.

इंदापूरच्या जुन्या पेठेत मी नोकरीची सगळी वर्षं पाणी सोडलं. या अंकाचे संपादक म्हणाले, बशीरभाई, तुमच्या कामाविषयी लिहा. मी म्हटलं, साहेब, माझं सगळं काम जमिनीखाली; वर दिसतं ते फक्त लोखंडी झाकण. ते म्हणाले, मग झाकण उघडा. आता उघडायलाच सांगितलंय म्हटल्यावर आतून काय निघेल ते त्यांनी छापावं.

काम दिसायला सोपं. टाकीतून निघालेला मोठा पाईप प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी फुटतो. तिथं रस्त्यात एक चौकोनी खड्डा असतो, त्याला चेंबर म्हणतात, आणि त्यात व्हॉल्व्ह. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी चावी त्यावर बसवायची आणि फिरवायची. या गल्लीला तासभर, मग त्या गल्लीला. चावीचे चार आटे जास्त फिरले की वरच्या आळीचं पाणी तुटतं आणि दुसऱ्या दिवशी वरची आळी माझ्या दारात. गावातली निम्मी भांडणं माझ्या मनगटात असायची, असं म्हटलं तर ती बढाई समजू नका.

चावी हळू फिरवायची असते. घाई केली तर पाणी धाडकन जाऊन आपटतं आणि कुठला तरी म्हातारा जोड निखळतो. शिवाय रिकाम्या पाइपात हवा भरलेली असते. पाण्याच्या आधी ती बाहेर पडते, फसफस करत. बायका म्हणतात, नळ खोकला, घागर लावा. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर पाणी पुढं सरकत नाही. पाण्याच्या धंद्यातलं हे पहिलं शहाणपण, आणि वॉलमन ते पुस्तकात नाही, अंगावर पाणी उडवून घेऊन शिकतो.

पेठेतले काही व्हॉल्व्ह कुठं होते हे सांगितलं तर खोटं वाटेल. लोकांनी ओटे पुढं ओढले, ओट्यांवर खोल्या चढवल्या, आणि रस्त्यातला व्हॉल्व्ह घरात गेला. एका शिंप्याच्या घरी तो दिवाणाखाली होता. रोज सकाळी मी दिवाण सरकवायचो, सतरंजी उचलायचो, फरशी काढून खाली वाकायचो आणि सगळ्या गल्लीला पाणी सोडायचो. घरच्यांना त्याचं काही वाटत नसे. पण धाकट्याचं लग्न झालं तेव्हा नव्या सुनेला सांगायचं सगळेच विसरले. पहिल्या सकाळी ती केर काढायला बाहेरच्या खोलीत आली, तर दिवाणामागून हातात लोखंडी गज घेतलेला दाढीवाला माणूस वर येतोय. तिच्या ओरडण्यानं गल्ली जमली. पुढं तीच सून मला रोज चहा द्यायची, आणि पाणी कमी आलं की पहिली शिवीही तिचीच असायची.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की हात एकाच गोष्टीकडं वळतो, आणि ती काही हसायची नाही.

पेठेच्या मागच्या अंगाला, माळी आळीच्या तोंडावर एक दगडी हौद होता. आता त्यावर फरशी टाकून बाकडी केली आहेत आणि संध्याकाळी पोरं तिथं मोबाईल बघत बसतात. धरणाचं पाणी गावात आलं त्याच्या कितीतरी आधीचा हा हौद. गावाबाहेर उंचवट्यावर एक जुनी विहीर होती. तिथून भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, चुन्यानं सांधून जमिनीखालून आणलेले. त्यांना खापरी नळ म्हणतात. ना मोटर, ना वीज, ना वॉलमन. उतारानं पाणी यायचं आणि गोमुखातून करंगळीएवढी धार सतत हौदात पडायची. इतकी वर्षं ती कोणी सोडली नाही आणि कोणी बंद केली नाही. माझ्या खात्याच्या माणसाला यात थोडा अपमान वाटायला हवा, पण मला त्या धारेचा अभिमानच होता.

घरोघरी नळ आल्यावर हौदावर घागर घेऊन कोणी येईना. हौद भरून वाहायचा तो सोपानतात्यांसाठी. तात्या माळी. हौदामागं त्यांची लहानशी बाग होती, गुलछडी, शेवंती, मोगरा आणि कडेनं झेंडू. हौदाचं जादाचं पाणी पाटानं तिच्यात जायचं. तात्यांचा हार मारुतीच्या गळ्यात पडायचा आणि त्यांच्याच मोगऱ्याची चादर दर गुरुवारी दर्ग्यावर चढायची. तात्या म्हणायचे, फुलाला कुठं जायचं हाय ते फुलाला इचारलंय का कुनी.

हौदापासून हाकेच्या अंतरावर, एका घराच्या भिंतीपासून हातभर सोडून, पुरुषभर उंचीचा विटांचा खांब उभा होता. चुन्याचा गिलावा, आणि माथ्याजवळ बोट जाईल एवढी भोकं. त्या भोकांतून गार वारा यायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा, ओल्या मातीचा वास घेऊन. कान लावला तर आत कोणी झोपलंय आणि श्वास घेतंय असं वाटायचं. गाव त्याला हुसासबाबा म्हणायचं.

हुसासबाबा कोण, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात म्हणायचे, फकीर होता. माळी आळीत म्हणायचे, साधू होता. पण बाबा अजून श्वास घेतो, यावर दोन्हीकडं एकमत. म्हणून दम्याची माणसं तिथं यायची. भोकाशी तोंड न्यायचं आणि बाबाचा दम छातीत भरून घ्यायचा. खांबाच्या एका अंगाला शेंदूर होता आणि दुसऱ्या अंगाला हिरवं कापड. मला लहानपणी डांग्या खोकला झाला तेव्हा अम्मीनं मलाही तिथं उचलून धरलं होतं. डॉक्टरांचं औषधही चालू होतं, पण अम्मीनं श्रेय बाबालाच दिलं.

तात्यांच्या बायकोला, हिराकाकूंना, दमा होता, आणि तो साधासुधा नव्हता. एका थंडीत त्या अशा काही धापा टाकायला लागल्या की त्यांना बारामतीच्या दवाखान्यात हलवावं लागलं. निघण्याआधी तात्यांनी खांबापुढं डोकं टेकलं आणि नवस बोलले, ही परत घरी आली तर बाबाला संगमरवर चढवीन. काकू परत आल्या. एवढंच नाही, पुढं त्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला. तात्या शब्दाचे पक्के. कोऱ्हाळ्याहून चांगला गवंडी आणला. गवंड्यानं विचारलं, या भोकांचं काय करायचं? पोरं बाबाच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या कोंबतात, याचं तात्यांना कधीपासून वाईट वाटत होतं. त्यांनी ती झाकायला सांगितली. पायापासून माथ्यापर्यंत पांढराशुभ्र संगमरवर बसला. गुरुवारी आळीला शिरा वाटला. मीही दोनदा घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हौदाची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, आणि मग गोमुख कोरडं पडलं.

तक्रार घेऊन आले ते एकटे तात्या. घरोघरी नळ होते, हौदाची आठवण बाकी कोणाला राहिली होती? त्याच सुमाराला आमच्याकडं भोईटे मॅडम इंजिनिअर म्हणून आल्या होत्या. बारामतीच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, मला बशीरचाचा म्हणायच्या. सुट्टीच्या दिवशी जुन्या बोळांतून हिंडायचा त्यांना नादच होता. बारामतीत रस्ते एवढे रुंद झालेत, त्या म्हणायच्या, की मी लहानपणी ज्या बोळांतून शाळेत गेले ते आता दाखवताही येत नाहीत. तुमच्याकडं अजून आहेत तोवर बघून घेऊ द्या. मी त्यांना हौदाचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "खापरी नळ आहे ना? मग उसासे कुठं आहेत?"

मी म्हटलं, कसले उसासे? त्यांनी समजावून सांगितलं. जुने लोक असा लांबचा नळ टाकताना मधे मधे पोकळ खांब उभे करत. नळातली हवा त्यातून वर निघून जायची आणि पाणी अडायचं नाही. त्या खांबांना उसासे म्हणत.

मग आम्ही दोघं विहिरीपासून हौदापर्यंतची वाट शोधत निघालो. दर रविवारी थोडी थोडी. पेठेत जन्म काढला, पण तेव्हा पहिल्यांदा मी मान वर करून तिच्याकडं बघितलं असेन. दुकानांच्या पाट्यांमागं कोरीव तुळया होत्या. एका बोळात रस्त्याखाली गेलेल्या पायऱ्यांचं फक्त वरचं टोक उरलं होतं. पहिला उसासा सापडला तो औषधाच्या दुकानात. मागच्या भिंतीला फुगवटा होता आणि त्यावर फळी ठोकून खोकल्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. दुसऱ्यात कोणीतरी झेंड्याची काठी रोवायला काँक्रीट ओतलं होतं. तिसरा एका जिन्याखाली निघाला, आतून तळापर्यंत राडारोड्यानं भरलेला. एकही पुन्हा मोकळा होण्यासारखा नव्हता.

शेवटी आम्ही माळी आळीत आलो. मॅडम पांढऱ्या खांबापुढं थांबल्या आणि म्हणाल्या, "चाचा, हे काय?"

मी म्हटलं, हे आमचे हुसासबाबा. आणि नाव तोंडातून बाहेर पडता पडताच मला कळलं. उसासा. हुसासा. हुसासबाबा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी शब्द झिजला, त्याला देवपण आलं, आणि अम्मीनं मला खोकल्यासाठी त्याच्याचपुढं धरलं होतं. मला हसू आलं नाही. मॅडमही हसल्या नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी चपला काढल्या, खांबाला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, बाकीचे सगळे बंद होते, हा एकटा इतकी वर्षं सगळ्या नळाचा श्वास सांभाळत होता.

तात्यांना सांगायचं माझ्याकडं आलं. हिराकाकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला वरकुट्याला गेल्या होत्या. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. नळात हवा कशी अडते हे शेतीभातीतल्या माणसाला दोनदा सांगावं लागत नाही. ते बराच वेळ बागेकडं बघत राहिले.

"बशीर, तुमी म्हंताय ते खरं आसंल," ते म्हणाले. "पन नवस माझा हाय. बाबाच्या अंगावर घातलेलं म्याच काढून घ्यायचं, आन् उद्या हिचा दम उलटला तर?"

मी म्हटलं, पुढून नको, मागून एक बारीक भोक पाडू. कोणाला दिसणारही नाही.

"बाबाला मागचं दिसत न्हाय व्हय?" असं म्हणून ते उठले. जाता जाता वळले. "बागंवर पानी सोडलं म्या. हिच्या जिवावर न्हाय सोडनार."

जिला जन्मभर पाणी पाजलं तिच्यावर त्यांनी असं एका वाक्यात पाणी सोडलं.

मॅडमनी मनात आणलं असतं तर हुकूम काढून दगड फोडता आला असता. त्या म्हणाल्या, नको. तो खांब आपल्या कागदावर नळाचा भाग असेल, पण या लोकांनी तो जपला म्हणून तो आजवर उभा राहिला. तात्या हो म्हणेपर्यंत थांबू. आम्ही थांबलो. आजही मला वाटतं की थांबलो ते बरोबर केलं, आणि आजही वाटतं की थांबायला नको होतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि त्यातून सुटका होत नाही.

बाग बघता बघता गेली. तात्या घरच्या नळाच्या बादल्या नेऊन ओतायचे, पण बादलीनं का बाग जगते! आधी गुलछडी वाळली, मग मोगरा. शेवंती त्यांनी स्वतःच उपटली. गुरुवारी मात्र बाबाला हार चुकला नाही. त्यासाठी तात्या बाजारातून फुलं विकत आणायला लागले. हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणावेत तसं ते दिसायचं. मी समोरून येताना दिसलो की ते पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे.

त्याच उन्हाळ्यात पेठेतून नवं गटार खणलं आणि त्यावर सिमेंटचा रस्ता केला. माझे दिवस त्या खोदकामामागं पळण्यात गेले. यंत्राचा दात पाईपला लागला की पाणी पुरुषभर उसळायचं, माणसं ओरडायची, यंत्र थांबायचं आणि मी चावी घेऊन धावायचो. पाईप फुटला की तो स्वतःच सगळ्या गावाला हाक मारतो. खोदणाऱ्यांचाही दोष नसायचा, जमिनीखालचं कोणाला दिसतं? पाणी उसळलं की ते बिचारे हात जोडून बाजूला व्हायचे आणि आम्ही जोड बसवायचो.

रस्ता झाल्यावर हिराकाकू वरकुट्याहून आल्या. वाळलेली बाग बघून त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, अवंदा पानीच कमी हाय. काकूंना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या चेंबरवर वाकलो होतो, तिथं त्या आल्या आणि म्हणाल्या, बशीर, तुमी खोटं बोलत न्हाय, तुमी सांगा. मी सगळं सांगितलं. ऐकून त्या तशाच घरी गेल्या. मी चावी तिथंच टाकून मागोमाग गेलो, कारण त्यांचा चेहरा मला बरा दिसला नव्हता.

तात्या ओसरीवर होते. काकू त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"ज्यानं मला दम दिला त्याचाच दम कोंडला तुमी? आन् त्यो बी माझ्या नावानं?" त्या म्हणाल्या. "फोडा त्यो दगड. माझं काय व्हायचं ते हुईल."

तात्यांनी मला विचारलं, छिन्नी आहे का.

गुरुवारी सकाळी फोडायचं ठरलं. मॅडम आल्या, दोन्हीकडची माणसं जमली. काकूंनी आधी उदबत्ती लावली, मौलवींनी फातेहा म्हटला. छिन्नी तात्यांनी स्वतः धरली. मी वरून माझा हात ठेवला आणि हातोडी हळू मारली. संगमरवराची चकती निघाली, आतलं सिमेंट निघालं, आणि जुनं काळं भोक उघडं पडलं. काकूंनी गाल पुढं केला. काकू तशाच उभ्या राहिल्या, मग बाजूला झाल्या. वारा आला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, दिवस लागतील, नळ लांबचा आहे. आम्ही बाकीची भोकंही मोकळी केली. आठवडा गेला, दुसरा गेला. विहिरीत पाणी होतं, तिकडून नळात शिरतही होतं. खांब मात्र मुका, आणि हौद कोरडा. तात्या रोज पाटातला पाला काढून ठेवत होते.

मग मी आणि मॅडम पुन्हा त्याच वाटेनं चालत निघालो. नव्या रस्त्याच्या कडेला एक चहाची टपरी आहे. तिच्यापुढं लाल मातीचे नळ उभे करून त्यांत कोरफड आणि पुदिना लावला होता. मी चहावाल्याला विचारलं, हे कुठून आणलं? तो म्हणाला, "गटार खांदताना निघालं. कोरडंठाक हुतं आतनं. म्हनलं जुनं मोडकं कायतरी आसंल, झाडं तरी लावू."

मॅडम टपरीच्या बाकड्यावर बसल्या. चहा आला तो त्यांनी हातात धरला आणि तसाच निवू दिला. चहावाल्याच्या सांगण्यावरून कळलं, नळ नुसता तुटला नव्हता. पुढं लांबवर यंत्राखाली चिरडला गेला होता आणि त्यावर सिमेंट बसलं होतं. खापराला खापर जोडणारं आता गावात कोणी नाही, आणि असतं तरी जोडायला तिथं काही उरलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, चाचा, तात्यांना मी सांगू का? मी म्हटलं, नको, मी सांगतो. इतकी वर्षं गावाला पाणी कधी येणार हे मीच सांगत आलो होतो. ते येणार नाही, हेही मीच सांगायला हवं होतं.

संध्याकाळी गेलो. तात्या ओसरीवर बाजारातल्या झेंडूचा हार ओवत होते, काकू शेजारी देठ खुडत होत्या. मी आडवळणानं बोलायचा प्रयत्न केला, जमला नाही. सरळ सांगून टाकलं. गटार, यंत्र, कोरडा नळ, सगळं. पाणी वाहतं असतं तर पहिल्याच घावाला उसळलं असतं, यंत्र थांबलं असतं, आम्ही धावलो असतो. तात्यांची सुई थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

काकूंनी विचारलं, "म्हंजी बाबा गेला कवा?"

मी म्हटलं, गटार खणलं तेव्हा.

काकू हातातल्या फुलाकडं बघत राहिल्या. त्यांचा श्वास अगदी शांत चालला होता.

"तवा तोंड झाकल्यालं हुतं त्याचं," त्या म्हणाल्या. "वरडायबी आलं न्हाय त्याला."